ला दीगचे माड

आपोआप रुजलेला माड आणि माणसाने लावलेला माड यांतला फरक कोकणात वाढलेल्या माणसाला सांगावा लागत नाही. आपोआप रुजलेला माड किनाऱ्याच्या पुळणीवर असतो, वाकडा, पाण्याकडे ओणवलेला. लावलेला माड ओळीत असतो. त्याच्या आणि शेजारच्या माडाच्या झावळ्या एकमेकींत अडकू नयेत एवढं अंतर कुणीतरी पावलांनी मोजलेलं असतं. सेशेल्समधल्या ला दीग बेटावर धक्क्याजवळ सायकल भाड्याने घ्यावी आणि किनाऱ्याच्या रस्त्याने दक्षिणेकडे निघावं, थोड्याच वेळात ल्युनियों नावाची जुनी इस्टेट लागते. तिथले माड ओळीत आहेत. माझं माहेर गुहागरचं आणि वडिलांची माडांची वाडी होती, त्यामुळे त्या ओळी मला आधी दिसल्या. ज्याच्यासाठी लोक जगभरातून तिथे येतात तो गुलाबी खडकांचा किनारा नंतर.

ला दीग हे लहानसं बेट. क्षेत्रफळ साधारण दहा चौरस किलोमीटर, मधला डोंगर ३३३ मीटर उंच, वस्ती तीन हजारांच्या आतबाहेर. मोटारी मोजक्या. विमानतळ नाही; शेजारच्या प्रास्लिन बेटावरून बोटीने पंधरा-वीस मिनिटांत पोचायचं. संध्याकाळची शेवटची बोट गेली की रस्त्यावर सायकलींच्या घंट्या आणि वटवाघळांचा कालवा तेवढा उरतो. पर्यटनाच्या माहितीपत्रकांत या बेटाचं वर्णन ‘माणसाचा हात न लागलेलं’ असं करतात. मला हे वर्णन मान्य नाही. या बेटाच्या सपाट जमिनीचा वीतभर तुकडाही माणसाच्या हाताखालून गेल्याशिवाय राहिलेला नाही. आज तिथे जी शांतता आहे ती काम थांबल्यानंतरची आहे.

त्या कामाच्या आधीची गोष्टही आपल्याशी जोडलेली आहे, म्हणून थोडक्यात सांगते. ला दीगचे ते प्रचंड, पाण्यापावसाने कोरलेले खडक ग्रॅनाइटचे आहेत, वय सुमारे ७५ कोटी वर्षं. भर समुद्रातली बहुतेक बेटं ज्वालामुखीची नाहीतर पोवळ्याची असतात. ही मात्र खंडाचा तुटलेला तुकडा आहेत, आणि ते खंड म्हणजे हिंदुस्थानचं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास, सह्याद्रीचा काळा कातळ लाव्हाच्या रूपात ओतला जात होता त्याच काळात, हा तुकडा आपल्या पश्चिम किनाऱ्यापासून सुटला. सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडे २००३ साली जगापुढे आलेल्या जांभळ्या बेडकाचे सगळ्यात जवळचे नातेवाईक आजही सेशेल्सच्या डोंगरांत राहतात. मुंबईपासून सेशेल्सचं अंतर आज सव्वातीन हजार किलोमीटरच्या घरात आहे.

माणूस इथे फार उशिरा आला. ला दीगला नाव मिळालं ते १७६८ साली. मारिओं द्यूफ्रेनच्या फ्रेंच मोहिमेत दोन जहाजं होती. एकाच्या नावावरून हे ला दीग आणि दुसऱ्याच्या नावावरून प्रास्लिनजवळचं क्युरियूझ. त्याच मोहिमेत प्रास्लिनवर जोडनारळाची झाडं सापडली. आपल्याकडे ज्याला दर्याचा नारळ किंवा जहरी नारळ म्हणतात, ज्याच्या करवंटीचा कमंडलू बैराग्यांच्या आणि फकिरांच्या हातात दिसतो, तो हाच. तोपर्यंत तो फक्त लाटांवर वाहत मालदीवकडे यायचा. तो समुद्राच्या तळाशी उगवतो अशी समजूत होती, आणि म्हणून त्याला सोन्याचा भाव होता. मोहिमेतल्या एकाने लगोलग जहाज भरून हे नारळ हिंदुस्थानात आणून विकले आणि भाव कोसळला. या बेटांचा आणि आपला पहिला मोठा सौदा हा असा झाला.

पुढे १७७० च्या ऑगस्टमध्ये माहे या सेशेल्सच्या मुख्य बेटाजवळच्या सेंट ॲन बेटावर पहिली वसाहत उतरली. एकूण अठ्ठावीस माणसं: पंधरा गोरे, सात गुलाम, एक काळी बाई आणि पाच हिंदी. कागदांत त्या पाचांना ‘मलबारी’ म्हटलंय. त्या काळी फ्रेंचांच्या लेखी हिंदुस्थानातला कुणीही मलबारीच, तेव्हा ते नक्की कुठल्या किनाऱ्याचे हे त्यावरून ठरत नाही. पण सेशेल्सच्या अगदी पहिल्या दिवसापासून आपली माणसं तिथे होती, ही गोष्ट सेशेल्सला मधुचंद्राला जाणाऱ्या आपल्या मुलांना कुणी सांगत नाही.

सुरुवातीला कापूस होता. मोझांबिककडून आणि मादागास्करहून आणलेली गुलाम माणसं तो वेचत. १७९८ साली बूर्बों बेटावरच्या, म्हणजे आजच्या रेयुन्यों बेटावरच्या, बंडात सापडलेल्या काही गोऱ्यांना हद्दपार केलं, ते या बाजूला आले. ला दीगवरची काही घराणी आपलं मूळ तिथपर्यंत नेतात. मग इंग्रज आले, १८१४ च्या तहाने बेटं त्यांची झाली, आणि अमेरिकेच्या कापसापुढे इथला कापूस टिकेना. १ फेब्रुवारी १८३५ ला गुलामगिरी कायद्याने संपली. त्या वेळी सगळ्या सेशेल्समध्ये साडेसहा हजारांच्या आसपास गुलाम होते, म्हणजे जवळजवळ सगळी वस्तीच. आणखी काही वर्षं ‘उमेदवारी’ या नावाखाली त्यांना त्याच मालकाकडे राबावं लागलं. तीही मुदत संपली तेव्हा बहुतेकांनी मळे सोडले.

माड आला तो इथे. माडाला कमी माणसं लागतात. कापसासारखी रोज वेचणी नाही, उसासारखा गाळपाचा हंगाम नाही. एकदा लावला की सहा-सात वर्षं थांबायचं, आणि मग साठ वर्षं नारळ आपसूक खाली पडत राहतात. मजूर मिळेनासे झालेल्या मळेवाल्याला याहून सोयीचं पीक नव्हतं. १८४० नंतर सपाट किनारपट्ट्या माडांनी भरत गेल्या. आधी तेल बाहेर जायचं, पुढे खोबरं. ला दीगची पश्चिमेकडची पट्टी तेव्हाच लागवडीखाली आली.

पण कमी माणसं म्हणजे कमी कष्ट नव्हेत, आणि हे मला ल्युनियोंतल्या खोपीत नव्याने दिसलं. तिथे जुन्या पद्धतीची खोबऱ्याची भट्टी ठेवली आहे; क्रेओल भाषेत तिला कालोरिफेर म्हणतात. आम्ही गुहागरला खोबरं उन्हात वाळवतो. मार्च-एप्रिलात अंगणात वाट्या पसरायच्या, कावळे हाकलायला पोरं बसवायची. ला दीगला तसं जमत नाही. तिथे बारा महिने पाऊस येऊन-जाऊन असतो आणि हवा सदा ओली, दोन दिवसांत वाट्यांना बुरशी धरते. म्हणून खाली भट्टी आणि वर फटी ठेवलेला फळ्यांचा माच. खाली सोडणं आणि करवंट्या जाळायच्या, वर माचावर नारळाच्या वाट्या. जाळ फार झाला तर खोबरं करपतं, कमी पडला तर आंबतं. त्यामुळे रात्रीही कुणीतरी जागं राहायलाच हवं. सेशेल्सच्या खोबऱ्याचं नाव बाजारात चांगलं होतं, ते या जागरणामुळे.

भट्टीशेजारी जमिनीत रोवलेली लोखंडी पहार होती, वर टोक काढलेलं. एक सत्तरीपुढचे गृहस्थ पर्यटकांना नारळ सोलून दाखवत होते. नारळ दोन हातांत धरून टोकावर मारायचा, मनगट पिळायचं, सोडणाचा एक भाग सुटतो; पुन्हा फिरवून मारायचा. तीन पिळात नारळ उघडा. आमच्या वाडीत अगदी हेच. मी हात पुढे केला तेव्हा ते जरा बिचकले, “नको मदाम, टोक हातात जाईल,” म्हणाले. मी एक सोलला. त्यांनी माझ्या मनगटाकडे पाहिलं आणि न बोलता दुसरा नारळ हातात दिला. मग बाकीची मंडळी किनाऱ्याकडे गेली आणि आम्ही बसलो.

त्यांचं इंग्रजी तुटक, माझं फ्रेंच नाही, पण नारळाबद्दल बोलायला भाषा फारशी लागत नाही. त्यांची आई याच खोपीत बसायची. पुरुष सोलत, बायका नारळ फोडून करवंटीतून खोबरं सोडवत. काम तासांवर नव्हतं, आकड्यावर होतं. दिवसाचा आकडा ठरलेला. तो पुरा झाला की घरी, मग दुपार होवो की रात्र. आकडा पुरा नाही झाला तर दिवस धरत नसत. आई आजारी असली की ते स्वतः शाळा बुडवून तिचा आकडा भरायला यायचे. “तुमच्याकडे वाडी कुणाची असते?” त्यांनी विचारलं. मी सांगितलं, आमची स्वतःची, दीडशे माडांची. त्यावर ते म्हणाले, “मग तुम्ही तुमच्या नारळांवर जगलात. आम्ही दुसऱ्याच्या.”

हे वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही, कारण सगळा फरक त्यात आहे. पहार तीच, पीळ तोच, वास तोच. एक टन खोबऱ्याला साधारण पाच-सहा हजार नारळ लागतात. आमच्या वाडीत एवढे नारळ जमवायला हंगाम लागायचा आणि ते सोलताना घरच्या बायका गप्पा मारायच्या, पोरं ‘मोड’ खायला घोटाळायची. मळ्यात तेवढे नारळ फोडताना बाई मोजत असायची. वाडी आणि मळा यांत माडांच्या संख्येचा फरक नाही. कोण मोजतं आणि कुणासाठी, याचा आहे.

खोपीपलीकडे घाणा आहे. लाकडाचं मोठं उखळ, त्यात तिरकी लाट, लाटेला जुंपलेला बैल. मध्यम चालीचा बैल, डोळ्यांत कंटाळा, पाठीवर माश्या. घाण्याचा कुरकुर आवाज ऐकून आमच्या गावच्या तेल्याच्या आवारात उभी आहे असंच वाटलं. पेंड बाजूच्या टोपलीत पडलेली होती. ती चिमटीत घेऊन चाखायचा मोह मला आवरला नाही. इस्टेटीत जुन्या मळेवाल्यांचं रुंद ओट्याचं, झावळ्यांनी शाकारलेलं घर आहे, व्हॅनिलाचे वेल आहेत, दगडी कुंपणात शंभरी ओलांडलेली कासवं आहेत, आणि पहिल्या वसाहतवाल्यांचं छोटं कब्रस्तान आहे. तिथल्या दगडांवर जी नावं मला लागली ती फ्रेंच घराण्यांची. इथे राबलेल्या गुलामांसाठी दगड दिसला नाही. त्यांची नावं आहेत, पण ती गुलामांच्या नोंदवह्यांत. इंग्रजांनी १८१७ च्या सुमारास या वह्या सुरू केल्या, मालमत्तेचा हिशेब म्हणून: नाव, वय, मूळ देश, मालक. त्या वह्या आता लंडनच्या सरकारी दप्तरखान्यात आहेत.

व्हॅनिलाच्या वेलापाशी थांबले तेव्हा आठवला तो एडमंड. व्हॅनिलाचं फूल सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं. मेक्सिकोबाहेर त्याला आपोआप फळ धरत नव्हतं. १८४१ साली रेयुन्यों बेटावर बारा वर्षांच्या एडमंड नावाच्या गुलाम मुलाने एक काडी आणि अंगठा वापरून फुलातला पडदा वर उचलायचा आणि पराग चिकटवायचा ही युक्ती शोधली. आजही जगातली जवळजवळ सगळी व्हॅनिला त्याच रीतीने, एकेक फूल हाताने धरून फळते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सेशेल्समध्ये व्हॅनिलाची चंगळ झाली, माड बाजूला पडले. मग जर्मनीत प्रयोगशाळेत तयार झालेलं कृत्रिम व्हॅनिलीन बाजारात स्वस्त झालं आणि सगळं पुन्हा माडावर आलं. एडमंड १८४८ मध्ये मोकळा झाला, त्याला आल्बियस हे आडनाव मिळालं, आणि १८८० मध्ये तो गरिबीतच वारला. ज्याच्या अंगठ्यावर एवढा धंदा उभा राहिला त्याला त्यातला छदाम मिळाला नाही. हे लिहितानाही राग येतो.

मजुरांची गोष्ट मात्र १८३५ ला संपत नाही. मॉरिशसने गुलामांच्या जागी हिंदुस्थानातून करारी मजूर नेले. त्यांत मुंबईहून जहाजात चढलेले कोकणातले मराठी लोकही होते. त्यांचे वंशज आजही तिथे गणपती बसवतात. सेशेल्सने मजूर मिळवले ते निराळ्या वाटेने. इंग्रजी आरमार आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलामांची वाहतूक करणारी गलबतं पकडत असे. सोडवलेल्या माणसांना परत कुठे पोचवायचं? गाव माहीत नाही, वाट माहीत नाही. मग १८६१ पासून त्यांना सेशेल्सला उतरवत आणि काही वर्षांच्या कराराने मळेवाल्यांना वाटून देत. अशी सुमारे अडीच हजार माणसं आली. आजच्या सेशेल्सच्या कितीतरी कुटुंबांचं मूळ या उतरवलेल्या माणसांत आहे. त्यांच्या मुलांसाठी चर्च मिशनरी सोसायटीने माहेच्या डोंगरात १८७६ च्या सुमारास व्हेन्स टाउन नावाची शाळा उभारली. तिचे पडके चौथरे जंगलात पाहायला मिळतात.

याच मिशनची अशीच एक संस्था आपल्या नाशिकला होती, शरणपूरला. गलबतांतून सोडवून मुंबईला उतरवलेली आफ्रिकन मुलं शरणपूरच्या आश्रमात वाढत. सुतारकाम, लोहारकाम आणि लिहायला-वाचायला शिकत. त्यांतलाच एक जेकब वेनराइट. १८७३ मध्ये आफ्रिकेच्या आत डेव्हिड लिव्हिंगस्टन वारला तेव्हा त्याच्या स्मृतीचा लेख झाडावर कोरला तो या नाशिकच्या विद्यार्थ्याने, आणि त्याचा देह घेऊन तो लंडनपर्यंत गेला. एकाच तऱ्हेच्या गलबतांतली मुलं: काही गोदाकाठी पोचली, काही माहेच्या डोंगरात, काही ला दीगसारख्या बेटांवर सोडणांच्या ढिगापाशी. कुणी कुठे जायचं हे जहाज कुठल्या बंदराला लागलं त्यावर ठरलं.

विसाव्या शतकात खोबरं हेच सेशेल्सचं जगणं होतं, आणि त्याचं एक मोठं गिऱ्हाईक हिंदुस्थान. विमान येण्याआधी या बेटांचा जगाशी नियमित संबंध म्हणजे मुंबई–मोंबासा मार्गावरच्या ब्रिटिश इंडिया कंपनीच्या आगबोटी. ‘कंपाला’ आणि ‘करांजा’ ही नावं आमच्या लहानपणी रत्नागिरी जिल्ह्यातल्या खलाशांच्या घरांत सहज ऐकू यायची. दाभोळ, बाणकोट, राजापूर या खाड्यांवरची माणसं या बोटींवर राबली. बोट माहेला थांबली की टपाल, तांदूळ, कापड उतरायचं आणि खोबरं चढायचं. आजही सेशेल्सचं चलन रुपया आहे. माशाच्या कालवणाला ते ‘कारी’ म्हणतात आणि त्यात नारळाचं दूध घालतात. मोरीची म्हणजे शार्कची ‘सातिनी’ करतात, ती आंबट व्हायला बिंबलं पिळतात. माडाची ताडी काढून पितात, तिला ‘कालू’ म्हणतात. हे सगळं मी ला दीगवर एका घरगुती खाणावळीत जेवले, आणि माझ्या शेजारी बसलेल्या बाईंना आमच्या बिंबलांच्या लोणच्याची कृती सांगितली.

१९७१ मध्ये माहेला विमानतळ झाला, १९७६ मध्ये देश स्वतंत्र झाला. हॉटेलात पाणी देणाऱ्या मुलाला खोबरं फोडणाऱ्या आईपेक्षा जास्त मिळू लागलं, आणि मळे ओस पडत गेले. यात मला वाईट वाटण्यासारखं काही दिसत नाही. भट्टीजवळच्या त्या गृहस्थांची दोन्ही मुलं बोटीवर आणि हॉटेलात आहेत, आणि आपल्या आईचा आकडा नातवंडांना भरावा लागला नाही याचा त्यांना अभिमान आहे. बुजलेल्या आळ्यांतून वर आलेलं रान, पडून मोडलेले नारळ, त्यांना फुटलेले कोंब, हे बघताना कोकणातल्या माणसाला हळहळ वाटते खरी. पण ती हळहळ वाडीची आहे. मळ्यासाठी ती करू नये.

वाईट वाटतं ते दुसऱ्या गोष्टीचं. ल्युनियोंत बैल आहे, घाणा आहे, भट्टी आहे, मालकाचं घर आहे. सोलणाऱ्याचं घर नाही. त्याची झोपडी कशी होती, आठवड्याला किती तांदूळ मिळायचा, दुकानाचं उधार किती चढायचं, हे सांगणारी एक पाटी मला दिसली नाही. आणि हा दोष एकट्या त्या बेटाचा नाही. आपल्या बाजूचा धागाही आपण तसाच सोडून दिलाय. मुंबईत हे खोबरं कुणी उतरवून घेतलं, कुठल्या घाण्यांत ते गेलं, आमच्या जिल्ह्यातल्या खलाशांनी माहेच्या धक्क्यावर काय पाहिलं, यातलं मराठीत लिहिलेलं माझ्या वाचनात जवळजवळ काहीच आलेलं नाही. त्या बोटींवर चढलेली पिढी आता ऐंशी-नव्वदीत आहे.

सेशेल्सला जाणारे मराठी लोक आता पुष्कळ आहेत. त्यांनी ला दीगला जरूर जावं, आणि किनाऱ्यावर उतरण्याआधी ल्युनियोंच्या भट्टीपाशी तासभर काढावा. आणि ज्यांच्या घरात आफ्रिकेच्या मार्गावर काम केलेले आजोबा, चुलते, शेजारी आहेत, त्यांनी त्यांच्यापुढे वही घेऊन बसावं. बोटीचं नाव, साल, काय चढवलं, काय उतरवलं, कुणाशी बोललात, एवढं विचारलं तरी पुरे. यंदाच्या सुट्टीतच विचारा.